डर्मटने बदललेला शेवट

नोरीन स्कॅनलनने त्या दुपारी तळहात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. १९७४ साल. ब्रुकलिनमधली त्यांची निम्मी गल्ली सिनेमाला लोटली होती, कारण पडद्यावरच्या पोलिसाला मारहाण शिकवली होती ती तिच्या नवऱ्याने. डर्मटची पोलीस खात्यात तेवीस वर्षं झाली होती. सिनेमावाल्यांनी त्याला सल्लागार म्हणून घेतलं होतं, आणि गोष्टही त्याच्याच एका खऱ्या प्रकरणावरून घेतल्याचं गल्लीभर झालं होतं.

सिनेमात एका मुलीला पळवलेलं असतं. पोलीस जाडजूड टेलिफोन डिरेक्टरी संशयिताच्या कानशिलावर धरतो आणि वरून दंडुका हाणतो. वळ उठत नाही, त्यामुळे कोर्टात दाखवायला काही उरत नाही. तिसऱ्या तडाख्याला तो पत्ता ओकतो, मुलगी सुटते. लोकांनी थिएटर डोक्यावर घेतलं.

"काय ग, घरीही हाच प्रयोग का?" शेजारची रोझ पेत्रोसिनो खिदळली. "माझ्या नवऱ्याला, जोला, सरळ करायला पाठव की तुझ्या डर्मटला. महिना झाला, मेला गळका नळ बघत नाहीये!"

संध्याकाळी जेवताना डर्मट नुसताच बटाटे चिवडत होता.

"खरंच घडलं होतं ते?" नोरीनने कौतुकाने विचारलं.

"घडलं होतं. पण त्याने काही सांगितलं नाही."

"इतका निगरगट्ट?"

"सांगणार काय? त्याला ठाऊकच नव्हतं. दोन दिवसांनी मुलगी तिच्या मामाकडे सापडली. सिनेमावाल्यांना मी शेवट बदलून सांगितला."

"आणि तो माणूस?"

"दिला सोडून. तू ओळखतेस त्याला. कोपऱ्यावरच्या बेकरीतला ऑर्विल."

आठ वर्षं नोरीन ऑर्विलकडून पाव घेत होती. तो प्रत्येक गोष्ट दोनदा विचारायचा. "कान घरी ठेवून आलास का रे?" असं ती म्हणायची आणि रांगेतल्या बायका हसायच्या.

"लोकांना खरं सांग, डर्मट."

"काय सांगू? टाळ्या परत घ्या म्हणून?" तो उठून गेला.

शनिवारी ती बेकरीत गेली ती ठरवूनच. ऑर्विलची माफी मागायची, चारचौघांत मागायची. वाक्यसुद्धा घोकून ठेवलं होतं.

"आल्या बघा पोलीसणबाई!" रांगेतून रोझ ओरडली. "ए, सांग ना, त्या खऱ्या बदमाशाचं पुढे काय झालं?"

सगळ्या वळल्या. ऑर्विलचा पाव बांधणारा हात थांबला. त्याने नोरीनकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. तो नुसता वाट पाहत होता, ती काय म्हणते याची.

"वीस वर्षांची शिक्षा झाली त्याला," नोरीन म्हणाली.

"बरी खोड मोडली!" रोझ म्हणाली.

ऑर्विलने मान खाली घालून दोऱ्याची गाठ मारली, पाव तिच्यापुढे ठेवला आणि पुढच्या बाईला काय हवं ते विचारलं.

पुढच्या शनिवारपासून नोरीन सहा चौक पलीकडच्या बेकरीत जाऊ लागली. तिथला पाव कोरडा असायचा. डर्मटने तो वर्षानुवर्षं खाल्ला, पण चव का बदलली हे एकदाही विचारलं नाही.