तोच बगळा तीनदा

मी रुखमाबाईंचा मोबाईल बोलतोय. बातमी आली त्या दिवशी मी पवनीतल्या त्यांच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्याला टेकून उभा होतो आणि समोर त्यांचे यजमान परसराम वांगी चिरत होते. मंगळवार होता, सुट्टीचा. नळ येऊन गेला होता. तेवढ्यात तृप्तीचा फोन आला.

तृप्ती ही परसरामांची एकुलती एक मुलगी. पुण्यात असते. तिला गेम बनवणाऱ्या एका लहानशा कंपनीत नोकरी लागली होती. काम काय, तर गेम खेळायचा आणि त्यातल्या चुका शोधायच्या.

"खेळाचंच काम?" परसरामांनी विचारलं.

"हो बाबा."

"बरं. जेवली काय?"

"जेवली."

"मंग ठेवतो."

एकूण एक्केचाळीस सेकंद. मी मुद्दाम मोजत नाही, माझी घडणच तशी आहे. रुखमाबाई होत्या तेव्हा याच मुलीशी तासतासभर बोलणं चाले आणि परसराम पलीकडच्या खोलीतून "माही आठवण सांग" एवढंच ओरडत. त्या गेल्या त्याला दीड वर्ष झालं. बापलेकीकडे आता जेवणाखेरीज विषय उरला नव्हता. त्या दिवशी बातमी आनंदाची होती, पण फोन ठेवल्यावर परसरामांनी चिरलेलीच वांगी पुन्हा चिरली.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. आठवतं ते भंडाऱ्याच्या दुकानातून निघाल्यापासूनचं. रुखमाबाईंनी मला पिठाच्या बोटांनी वापरलं. कुरड्या, ब्लाउजचे गळे, विहारातली वंदना, एवढंच माझं शिक्षण. त्या गेल्यावर मी कपाटात साड्यांवर पडून होतो. पुढे परसरामांचा बटणांचा फोन चुकून धानाच्या पोत्यात शिवला गेला, पोतं ट्रकवर चढलं आणि ट्रक निघून गेला. म्हणून मला बाहेर काढण्यात आलं.

वांगी शिजत टाकून परसरामांनी मला तोंडासमोर धरलं आणि फर्मावलं, "गेमबद्दल बराबर सांगणारा माणूस दाखव."

माझी तारांबळ उडाली. पहिला माणूस मी दाखवला तो खुर्चीत बसून नुसता किंचाळत होता. दुसरा दर दोन वाक्यांनंतर चॅनेल सबस्क्राइब करा म्हणून हात जोडत होता. तिसऱ्याने बाजारात न आलेल्या गेमला दहापैकी दहा दिले. घाबरून मी जुन्या सवयीने कुरड्या दाखवल्या. तो व्हिडिओ मात्र त्यांनी शेवटपर्यंत पाहिला.

दुसऱ्या दिवशी परसरामांना युक्ती सुचली. ते धान खरेदी केंद्रावर ग्रेडर आहेत. पोत्यात पोकळ लोखंडी परखी खुपसून आतला धान काढायचा आणि पारखायचा, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. पोत्याच्या तोंडाशी भरलेला धान बघून ते कधीच शिक्का मारत नाहीत. तीच रीत त्यांनी माझ्यावर चालवली. कोणताही व्हिडिओ सुरुवातीपासून बघायचा नाही. व्हिडिओखालच्या रेघेवर अंगठ्याने तीन ठिकाणी टोचायचं: तोंडाशी, पोटात, बुडाशी. उगाच लांबवलेलं बोलणं म्हणजे ओलावा. नुसती ओरड म्हणजे फोल. मधे घुसलेली जाहिरात म्हणजे खडा.

केंद्रावरचे हमाल बाबुलाल हे बघत उभे राहिले. "साहेब, व्हिडिओले परखी मारून राहिले काय?"

"मारा लागते, बाबुलाल. वरून समदाच माल पिवळा दिसते."

तीन आठवड्यांत दोन चॅनेल पास झाले. एक बाई प्रत्येक गेम पुरता खेळून मगच बोलत आणि कंपनीने फुकट दिला असेल तर तसं आधीच सांगत. दुसरा एक गंभीर गृहस्थ गेममधला एकच दरवाजा घेऊन, तो तिथेच का ठेवला असेल यावर अर्धा तास बोलला. ते ऐकताना परसराम घास चावायचे विसरले. मलाही प्रथमच आपण शिकलेले आहोत असं वाटलं.

मग एका शनिवारी नदीतून नाव चालवायच्या एका गेमचा व्हिडिओ आला. सांगणारा म्हणत होता, अगदी खऱ्या नदीचा अनुभव. परसराम वैनगंगेच्या काठी वाढलेले. त्यांनी तीन ठिकाणी टोचलं, चष्मा पुसला, परत टोचलं. मग एका बोटाने, चाळीस मिनिटं खर्चून, आयुष्यातली पहिली कॉमेंट लिहिली:

'नाव धारेला आडवी जाते तरी उलटत नाही. सांगणाऱ्याने गेम पुरता खेळलेला नाही, तेच दृश्य फिरवून तोच बगळा तीनदा उडवला आहे. नमुना नापास.'

सोमवारी दुपारी तृप्तीचा फोन आला. ती नेहमी रविवारीच करते.

"बाबा, नावेचं तुमी लिहिलं?"

"हो. लबाड बोलून राहिला तो."

"तो गेम आमच्या कंपनीचा आहे. त्यातली नाव चालते कशी ते तपासाचं काम माह्याकडं होतं."

परसराम खाली बसले. "म्हंजे म्या तुले नापास केलं?"

"सगळ्यायसमोर." ती हसली, पण हसू अर्ध्यातच थांबलं. "खालच्या कॉमेंटा वाचाचं काम बी माह्याकडंच आहे. वाचता वाचता एकदम आईचं नाव आलं. आईचा फोटो. मले वाटलं…"

 परसराम म्हणाले, "तिचाच मोबाईल हाय ना, बाई."

 मला वाटलं रेंज गेली. मग तिनेच विचारलं, "बगळा कोठं कोठं उडला?"

तिथून एक तास सात मिनिटं. नाव धारेत कशी धरायची ते त्यांनी सांगितलं, नदी पडद्यावर कशी वाहते ते तिने. त्यांनी पास झालेले दोन्ही चॅनेल सांगितले. बाईंचा तिला माहीत होता. दरवाजावाल्याचं नाव तिने लिहून घेतलं. जेवणाचं विचारायचं दोघंही विसरले.

शेवटी तिने कॉमेंटवरचं नाव आणि फोटो कसा बदलायचा ते समजावलं. परसरामांनी ते कॅलेंडरच्या मागे लिहून घेतलं आणि उद्याच करतो म्हणाले.

त्याला आता चार महिने होतील. माझी काच तडकली आहे, बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाही. तरी रोज जेवणानंतर आमची टोचाटोची चालते. नवा गेम आला की अनोळखी लोक खाली विचारतात, रुखमाताई, तुमचं काय मत? वाचकहो, तुम्हालाही चांगला चॅनेल हवा असेल तर व्हिडिओ मधून उघडून बघा, एवढंच मी सांगेन.

नाव बदलायचं अजून राहिलं आहे.