डाळिंबी जाळी

समाधान शेडच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा रोहिणीच्या तोंडात चुका, म्हणजे बारीक खिळे, होते. स्पीकरच्या खोक्यांच्या पुढच्या चौकटींवर कापड ताणून ठोकायचं हे तिचं काम. दोन्ही हात कापडात गुंतले की चुका ठेवायला तोंडाशिवाय जागा नसते. म्हणून ती गप्प राहिली. नाहीतर सामरवरणीच्या त्या कारखान्यातल्या बायांना त्या दिवशी चांगलंच काहीतरी ऐकायला मिळालं असतं.

"शेठनं सांगितलं, तुझ्याकडूनच करून घे," तो म्हणाला. "लग्न ठरलं माझं. गलोंड्याच्या ठेकेदाराची उषा. हळदीले अन् लग्नाले माझीच चार नवी खोकी वाजतील. हे काळं कापड मयतावाणी दिसतं. लग्नाले शोभेल असं लाव. तुझ्या पसंतीचं चालेल. अन् झालं गेलं विसर आता."

झालं गेलं विसर! पायावर पाय पडल्यावर म्हणावं तसं तो म्हणाला आणि चालता झाला.

काय विसरायचं होतं? तीन वर्षांपूर्वी शिरपूरकडच्या गावात, मामांच्या ओट्यावर, या समाधानशी तिचा साखरपुडा झाला होता. कुंकू लागलं, साखर वाटली, ओटी भरली. तेव्हा तो दुसऱ्याची खोकी डोक्यावरून वाहायचा. पुढे त्याने स्वतःची साउंड सर्व्हिस काढली, ठेकेदाराच्या ओसरीवर उठबस वाढली आणि एक दिवस त्याने निरोप धाडला, की लग्न होणार नाही. का, तर म्हणे पोरीत खोट आहे. काय खोट, हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही. सांगितलं असतं तर निदान खोडून तरी काढता आलं असतं. नुसत्या 'खोट' या शब्दाने दोन वर्षं तिच्या दारात एक पाहुणा आला नाही.

त्यावर कडी म्हणजे ठेकेदाराच्या घरी त्याने छातीठोकपणे सांगितलं, की साखरपुडा वगैरे काही झालाच नव्हता, नुसती बोलणी होती. दोन्ही घरं आता सामरवरणीच्या एकाच कामगारवस्तीत; तिथल्या गावाकडच्या चार जणांना खरं ठाऊक होतं. पण ते सगळे त्याच ठेकेदाराच्या हाताखाली कामाला, तोंड उघडणार कोण? रोहिणीकडे साखरपुड्याची एकच खूण उरली होती. मंजुळाबाईच्या, म्हणजे रोहिणीच्या आईच्या, ट्रंकेत ती घडी घालून ठेवलेली होती.

डाळिंबी रंगाची पातळ साडी. अंगभर पोपटी कुयऱ्या आणि प्रत्येक कुयरीच्या पोटात पिवळा ठिपका. समाधानच्या आईने, कमळाबाईने, ती निवडली होती. त्यांच्या घराची रीत अशी, की साखरपुड्याला नवरीला आणि नणंदेला एकाच गठ्ठ्यातली एकसारखी साडी घ्यायची. घरात येणारी आणि घरातून जाणारी एका रंगात दिसली पाहिजे, म्हणे. एक साडी रोहिणीला आली, दुसरी समाधानच्या बहिणीला, चंदाला. लग्न मोडल्यावर मंजुळाबाई साडी परत द्यायला गेली, तर कमळाबाई दारातूनच म्हणाली, "आमच्या काय कामाची ती? भांडीवालीले दे, पातेलं तरी येईल."

ते पातेलं रोहिणीच्या पोटात दोन वर्षं उकळत होतं.

संध्याकाळी तिने ट्रंक उघडली आणि साडीला कात्री लावली. मंजुळाबाईने कपाळावर हात मारून घेतला.

"काय करू ऱ्हायली पोरी? इतकी चांगली साडी!"

"त्याच्या खोक्यांले लावते."

मंजुळाबाईच्या डोळ्यांत लेकीइतकीच आग उतरली. "मग आत कापूस कोंब. आवाजच बसव मेल्याचा. लग्नात भुंकल्यासारखं वाजू दे."

"नाई माय. काम वाईट झालं तर म्हणतील, बघा, खोटच होती पोरीत. आवाज मोकळा निघाला पाहिजे. मोकळ्या आवाजाच्या खोक्याकडे सगळे बघतात. मले त्यांनी बघायलाच पाहिजे."

दुसऱ्या दिवशी तिने आजवर केलं नव्हतं इतकं सुरेख काम केलं. कापड तोंडाशी धरून फुंकर मारली, पलीकडे तळहात धरला. फुंकर आरपार लागली. वारा जातो त्या कापडातून आवाज जातो, हे शेडमधली प्रत्येक बाई पहिल्याच आठवड्यात शिकते. मग तिने चौकटीच्या मधोमध चुका मारल्या, तिथून कोपऱ्यांकडे गेली, पाण्याचा हात फिरवून कापड ताणलं. कुयऱ्यांची ओळ कुठे तिरकी होऊ दिली नाही. पदर तिने सर्वांत मोठ्या खोक्यावर लावला, म्हणजे कुणाला शंका राहायला नको. ठोकताना फार दिवसांनी तिला गाणं गुणगुणावंसं वाटलं.

समाधान खोकी न्यायला आला. त्याने कापडाच्या नव्या जाळीवर टिचकी मारली, चारी बाजूंनी फिरून पाहिलं. "एक नंबर!"

रोहिणी त्याच्या तोंडाकडे बघत होती. ओळखेल की काय, याची धाकधूक होती. पण ज्या दिवशी ही साडी तिच्या अंगावर होती त्या दिवशी हा गडी आरशात बघून केस सारखे करत होता. साडीखाली बाई आहे हे ज्याला दिसलं नाही, त्याला साडी काय दिसणार?

"चादरीत बांधून ने," ती म्हणाली. "धूळ बसली तर कापड मळेल. हळदीच्या दिवशी माणसं जमली की मगच उघड."

"बरं सुचवलं," तो म्हणाला.

तिचा सगळा बेत चंदावर उभा होता. नवी साडी हळदीला नेसून कोणी पिवळी करून घेत नाही, आणि चंदाकडे जुन्यातली चांगली अशी ती डाळिंबी एकच. वस्तीतल्या दर हळदीला ती तीच नेसायची.

हळदीच्या दुपारी रोहिणी उंबऱ्यात तांदूळ निवडत बसली. समाधानचं घर त्याच गल्लीच्या टोकाला. ढोल थांबला, खोकी खरखरली, म्हणजे चादरी निघाल्या, आणि चंदाचा आवाज आला. हळदीची गाणी म्हणायला माईक तिच्याच हातात. मोकळा, स्वच्छ आवाज. पहिलं गाणं अर्ध्यावर होतं तोच कमळाबाई ओरडली, "अरे झाका ते! कोणी लावलं हे?" तेही माईकने पकडलं. गाणं तुटलं. मग एक अनोळखी, ठसक्यातला आवाज. ही नवरीची आत्या, भिमाबाई. नवऱ्याची उष्टी हळद नवरीसाठी न्यायला गलोंड्याहून आली होती.

"कां गं चंदा, तुझी साडी खोक्यांवर कशी?"

"माझी नाई, माझी अंगावर आहे ना!" चंदा हसत म्हणाली. स्वभावाने भोळी पोर, तिला कुणी काही लपवायला सांगितलंच नसावं. "ती रोहिणीची. दादाच्या साखरपुड्याले आम्हा दोघींले सारखीच..."

इथे ती थांबली, पण उशीर झाला होता. सबंध वस्तीने ऐकलं. हँडपंपावर पाणी भरणाऱ्या बाया थांबल्या. रोहिणीच्या मांडीवरचं सूप घसरलं, तांदूळ सांडले. तिने बेत केला होता तो नुसत्या नजरांचा. चार बायका कुजबुजतील, भिमाबाई घरी जाऊन विचारेल, एवढाच. हे तिने मागितलंही नव्हतं.

"साखरपुडा?" भिमाबाईचा आवाज. "हा तर म्हणे नुसती बोलणी होती. हे घ्या तुमचं हळदीचं ताट."

ताट खाली आपटल्याचाही आवाज आला. रोहिणीला उषाचं वाईट वाटलं, खरंच वाटलं, पण फार वेळ नाही. वाचली पोरगी, असं म्हणून तिने तांदूळ गोळा करायला घेतले.

समाधान आला तो धावत. हळद लागलेल्या नवऱ्याने घराबाहेर पाऊल टाकू नये म्हणतात. हा कपाळापासून कोपरापर्यंत पिवळा, उघडा, तिच्या दारात येऊन उभा राहिला आणि त्याच्या मागे अर्धी गल्ली.

"तू मुद्दाम केलं!"

"हो."

त्याला हे उत्तर अपेक्षित नव्हतं. रडेल, नाही म्हणेल, आईच्या मागे दडेल, असं काहीतरी त्याच्या डोक्यात होतं.

रोहिणी उठली. सुपातले तांदूळ तिने आधी आईच्या हातात दिले. मग गल्लीतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू जाईल अशा आवाजात तिने विचारलं, "आवाज कसा होता? शेवटपर्यंत पोचला ना?"

मागच्या दोन-तीन बायांनी माना डोलावल्या.

"मग सांग सगळ्यांसमोर," ती म्हणाली, "कुठे आहे खोट?"