सॉसेजचं यकृत

चर्चच्या सभागृहात त्या गुरुवारी एकोणीस माणसं अनवाणी बसली होती आणि सगळ्यांचे डोळे एका प्लास्टिकच्या टबावर होते. टबात माझ्या धाकट्या बहिणीचे, साइमीचे पाय होते आणि एका यंत्राची वायर. पाणी आधी नितळ होतं. मग पिवळसर झालं, मग चहासारखं, आणि वीस मिनिटांत त्यात तपकिरी साका दिसू लागला. सभागृहात एक सुस्कारा उमटला. आमच्या हाउकीसालो गावात एवढा आवाज म्हणजे टाळ्यांचा कडकडाट.

"बघा," तोर्स्ती म्हणाला. "ही तुमची किमो. दोन वर्षं तळपायांत दबा धरून बसली होती."

तोर्स्ती पूर्वी स्वयंपाकघरातली कपाटं विकायचा. आता तो पेशींशी बोलायचा. गळ्यात हरणाच्या शिंगाचा तुकडा, आवाज मधात बुडवलेला आणि हातात रंगांचा तक्ता. तपकिरी म्हणजे यकृत, नारिंगी म्हणजे सांधे, काळपट म्हणजे मनात दाबलेला राग.

आमचा गट कॅन्सरचे उपचार संपलेल्यांचा. दर गुरुवारी कॉफी प्यायची, तळ्याकाठी सौनात वाफ घ्यायची, निखाऱ्यांवर सॉसेज भाजायचं आणि आजाराबद्दल चकार शब्द काढायचा नाही, अशी पद्धत. मीही त्यातलाच, माझं आतडं वीतभर कमी आहे. दुसऱ्याला खोलात जाऊन काही विचारणं म्हणजे आमच्याकडे दार न वाजवता त्याच्या घरात शिरणं. तोर्स्तीला याहून सुपीक जमीन कुठे मिळणार?

संशय मला आला होता. पण जन्म ग्रंथालयाच्या नोकरीत कुजबुजत गेलेला, मी कोण सांगणारा, असं म्हणून गप्प बसलो.

रविवारी साइमीकडे कॉफीला गेलो. खिडकीत तिची गोळ्यांची सात खणांची डबी होती. आठवडा संपला होता आणि सातही खण भरलेले होते.

"गोळ्या घेत नाहीस?"

"तीन आठवडे झाले बंद करून."

"आजार परत येऊ नये म्हणून पाच वर्षं घ्यायच्या होत्या ना?"

"तोर्स्ती म्हणतो, त्याच पायांत उतरतात." ती कपाकडे बघत म्हणाली, "हाडं ठणकतात माझी, ओइवा. पाय कापसाचे झालेत. मोजा निघाला तरी कळत नाही. कसं वाटतंय म्हणून त्याने विचारलं. तू विचारलंस कधी?"

नव्हतं विचारलं. उपचार संपले त्या दिवशी ट्यूलिप दिले होते आणि प्रकरण मिटलं असं धरून चाललो होतो.

घरी येऊन सौनासाठी बादली भरली. तळाशी नेहमीचा तपकिरी थर होता. तोच साका, तोच वास. आमच्या सगळ्यांच्या विहिरींचं पाणी लोखंडी. बादल्यांवरचा आणि चादरींवरचा हा गंज आम्ही लहानपणापासून घासत आलो. तोच गंज माणसाच्या पायांभोवती दिसला, तर एकोणीस जणांना यकृत आठवलं.

पुढच्या गुरुवारी मी म्हणालो, "आज माझी पाळी." दोनदा म्हणावं लागलं, पहिल्यांदा कुणाला ऐकूच गेलं नाही. तोर्स्तीने कोमट पाणी ओतलं, मूठभर मीठ टाकलं, धातूच्या दोन पट्ट्या आत सोडल्या आणि बटण दाबलं. मी कोटाच्या खिशातून सॉसेज काढून टबात ठेवलं.

"हे काय?"

"माझ्याऐवजी."

तोर्स्ती हसला. "हे यंत्र जिवंत ऊर्जेवर चालतं, ओइवा. सॉसेजला काही होणार नाही."

सॉसेजला खरंच काही झालं नाही. पाणी मात्र पिवळं झालं, मग चहासारखं झालं, आणि वीस मिनिटांनी साका आला.

"तर," तोर्स्ती घसा खाकरून म्हणाला, "सॉसेजमध्ये काय कमी विष असतं?"

तीन माना डोलल्या. मला तिथेच हरल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात सभागृह सांभाळणारी इर्मेली उठली. तिने टब रिकामा केला, धुतला, ताजं पाणी भरलं, स्वतःच्या हाताने मीठ टाकलं, पट्ट्या आत सोडल्या आणि बटण दाबलं. तोर्स्तीने वायर काढायला हात पुढे केला.

"हात मागे घे," इर्मेली म्हणाली. "सहा आठवडे तुझे टॉवेल मी धुतेय. डाग कशाने निघतात माहीत आहे? गंज काढायच्या औषधाने."

मग आम्ही सगळे मोकळ्या टबासमोर बसलो. ना पाय, ना सॉसेज. पाणी तपकिरी झालं.

"आता हे कुणाचं यकृत?" इर्मेलीने विचारलं.

तोर्स्ती तक्त्याची गुंडाळी करू लागला. उत्तर मला द्यावं लागलं. पट्ट्या लोखंडाच्या आहेत. खाऱ्या पाण्यातून वीज गेली की त्या भराभर गंजतात. मीठ कमी तर रंग फिका, जास्त तर गडद. पायांतून काहीही निघत नाही.

साइमी माझ्याशी बोलली नाही. चारचौघांत मूर्ख ठरणं कुणाला आवडतं? पण सकाळी तिने आरोग्य केंद्रातल्या नर्सला फोन केला. नर्स रागावली नाही. गोळी आजच सुरू करा म्हणाली. हाडं फार दुखली तर डॉक्टर दुसरी देऊ शकतात, फक्त सांगायला हवं. पाय बधिर होतात ते किमोने नसा दुखावल्यामुळे. व्यायामाने थोडी मदत होईल, पूर्ण बरे होतील असं वचन देता येणार नाही. आणि गरम पाण्यात पाय घालण्याआधी कोपराने पाणी बघत जा, भाजलेलं कळणार नाही.

तोर्स्ती वचन देत होता. नर्सने दिलं नाही. फरक ओळखायला एवढी खूण पुरे.

वाचकहो, यंत्र दिसलं की ते माणसाशिवाय चालवून बघा. औषध बंद करायला सांगणाऱ्याला कारण विचारा, आणि ज्याने ते लिहून दिलं त्यालाही विचारा. पण उपचार संपलेल्या आपल्या माणसाला आधी तुम्ही विचारा. नाहीतर कपाटं विकणारा विचारेल.

आता दर रविवारी मी साइमीला विचारतो, "पाय कसे आहेत?"

"बधिर," ती म्हणते. "आणि तू फार बडबड्या झालायस."

खिडकीतल्या डबीचे सातही खण रिकामे असतात. मी मोजतो, ते तिला माहीत आहे.