तलफ जिन्यावरून वर नेताना

सलूनवाल्याने गिऱ्हाईकाची अर्धी दाढी केली, वस्तरा खाली ठेवला आणि आरशातल्या स्वतःलाच दम भरला, "आज नाही म्हणजे नाही!"

इस्त्रीवाल्या काकूंनी कॉलर जाळली. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा.

सोडावॉटरलाही कधी न शिवलेले निवृत्त पोस्टमास्तर बारसमोरचा कठडा दोन्ही हातांनी घट्ट धरून उभे होते. कुणी विचारलं तर सांगत, "वारा खातोय."

आणि तिसऱ्या मजल्यावर शिंपी शीळ घालत काजं करत होता. हात असा स्थिर, की सुईलाच अवघडल्यासारखं व्हावं.

झालं होतं ते असं. या इमारतीला लिफ्ट नाही, जिना अरुंद, म्हणून इथला एक रिवाज आहे. कुणाकडे कपाट आलं, फ्रीज आला, की हमाल बोलवायचा नाही. सगळ्यांनी एकेक कोपरा धरायचा आणि वर न्यायचं. शिंपी व्यसनमुक्ती केंद्रातून परत आला तेव्हा जिन्याच्या तोंडाशीच मटकन बसला. मुलगी आत्याकडे राहायला गेलेली, घर रिकामं, आणि दारूची तलफ तर त्याच्याआधीच येऊन बसलेली.

"काकू, वर जाववत नाही हो. फार जड आहे."

काकूंनी पदर खोचला. "जड आहे ना? मग बघताय काय सगळे? धरा!"

सगळ्यांनी तलफ धरली. एक, दोन, तीन म्हणत उचलली, आणि ती निघाली की अंगातून! हातात आलीच आहे तर न्यायची कुठे? दुपारची सलूनवाल्याने नेली, संध्याकाळची पोस्टमास्तरांनी, सकाळची काकूंनी. शिंप्याकडे चिमूटभरही उरली नाही. तो टणाटण उड्या मारत वर गेला.

इमारतीने मात्र दात-ओठ खाल्ले, भांडी आपटली, पण थेंबाला हात लावला नाही. एकमेकांना जिन्यात गाठून विचारायचं, "कशी आहे?" आणि समोरच्याने म्हणायचं, "आहे आपली. चावतेय."

रविवारी मुलगी आली. चपला न काढता उंबऱ्यापाशीच उभी राहिली. परत राहायला यायचं की नाही, हे तिला ठरवायचं होतं. शिंप्याने तिच्यासाठी खुर्ची तीनदा पुसली होती.

"बाबा, दुपारी कसं वाटतं?"

"मस्त! दुपारची सलूनवाल्याकडे असते."

"आणि संध्याकाळी?"

"ती पोस्टमास्तर बघतात. वयाच्या मानाने बरीच झेपते त्यांना."

"म्हणजे दारू ते सोडतायत. मग मी सलूनमध्येच राहायला जाते ना."

"अगं, पण मी पीत नाहीये!"

"तहान नसलेला माणूस पाणीही पीत नाही, बाबा. त्यात काय मोठंसं?" ती वळली. "पुढच्या रविवारी येते. तेव्हा ती तलफ घरात असली पाहिजे. तुमच्याकडे."

शिंप्याचं धाबं दणाणलं. तो तसाच खाली धावला.

"माझी मला परत द्या."

सलूनवाल्याने वस्तरा मिटला. "वेडबिड लागलंय का? जरा कुठे माझ्या अंगवळणी पडतेय!"

पोस्टमास्तर तर खवळलेच. "अरे, निवृत्त झाल्यापासून मला काही हवंसंच वाटलेलं नाही. आता संध्याकाळी घसा कसा कोरडाठाक पडतो! ही एवढी एक गोष्ट मिळाली, तीही काढून घेतोस?"

काकूंनी इस्त्री बाजूला ठेवली. "तुझ्या हातात दिली, की तू थेट दुकानात जाशील. खोटं बोलू नकोस."

"जाईनही," शिंपी म्हणाला. "काकू, खरंच जाईन कदाचित. पण ती नसली तर पोरगी येत नाही."

काकू आत गेल्या. आतून सकाळची घेऊन आल्या. मग बाकीच्यांनीही कुरकुरत आपापली आणली आणि जिन्याच्या तोंडाशी सगळी एकत्र केली. उचलायला लागले तर पहिल्यापेक्षा मोठी! प्रत्येकाच्या घरी थोडी थोडी सुटली होती ना.

या वेळी पुढचा कोपरा शिंप्याने धरला. पाठीमागून बाकीचे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ती अडकली.

"तिरकी करा, तिरकी!"

"माझं बोट!"

"पोस्टमास्तर, सोडा आता. चोरून कवटाळू नका."

"हात नुसता लावलाय रे."

शिंप्याच्या कपाळावरून घाम निथळत होता. एकदा त्याने खाली, दाराकडे पाहिलं. सगळ्यांनी पाहिलं की त्याने पाहिलं. कुणी हात सोडला नाही, कुणी पुढेही ढकललं नाही. मग तो स्वतःच म्हणाला, "हं, चला," आणि त्याने पुढची पायरी घेतली.

पुढच्या रविवारी मुलगी आली तेव्हा जिनाभर शेजारी बसलेले. खोलीत शिंपी मशीनपाशी. टीप नागमोडी, दोरा सुईत जाता जात नाही.

"कसं वाटतंय, बाबा?"

"प्यावीशी वाटतेय," तो म्हणाला. "आत्ता. तू समोर असतानासुद्धा."

बाहेर जिन्यावर पोस्टमास्तरांनी डोक्याला हात लावला. "संपलं! असं सांगतात होय पोरीला?"

मुलीने चपला काढल्या. त्याच्या हातातला दोरा घेऊन सुईत ओवला आणि मशीनशेजारच्या खुर्चीवर बसली. "चालवा," ती म्हणाली. "मी बसलेय."

त्याने पायडल दाबलं.

मुलगी घर सोडून आत्याकडे गेली त्या सकाळी तिच्या बॅगेचा तुटलेला बंद शिंप्यानेच याच मशीनवर शिवून दिला होता.