स्क्रूचा अर्धा फेरा

"बंद कर, बंद कर!" मी ओरडलो. वडिवूने चावी फिरवली, तरी गाडी दोन हिसके देऊन मगच थांबली.

"अण्णा, ही गाडी आहे की इडलीचा रगडा?" ती म्हणाली. "आज दहा वाजता लायसन्सची परीक्षा आहे. तिसऱ्यांदा नापास झाले तर जावई मिशीत हसेल."

वडिवूची उक्कडमला खानावळ आहे. माझी बायको तिलगम कोइमतूरमध्ये बायकांना गाडी शिकवायची. वडिवू तिची शेवटची विद्यार्थिनी. तिलगम जाऊन चार महिने झाले. तेव्हापासून गाडी छपराखाली उभीच होती. वडिवूचा हट्ट एकच, परीक्षा बाईंच्याच गाडीत द्यायची.

रेस दिली की इंजिन नीट चाले, पाय काढला की थरथरून बंद पडे. प्लगच्या वायरी एकेक काढून पाहिल्या. दरवेळी इंजिन आणखी मंद झालं, म्हणजे चारही सिलिंडर काम करत होते. मग कार्बोरेटरच्या बुडाशी साबणाचं पाणी सोडलं. क्षणभर आवाज सरळ झाला. हवा तिथूनच आत शिरत होती. सांध्यातलं कागदी गॅस्केट वाळून चिरलं होतं. इतक्या सकाळी दुकानं उघडी नव्हती. जाड कागद सांध्याच्या कडांवर धरून हातोडीने हलके ठोकत आकार उठवला, कापला, ग्रीस लावून बसवला. कार्बोरेटरच्या स्क्रूने, पाय काढल्यावर इंजिन ज्या वेगाने फिरतं ती रेस जुळवली. इंजिन शांत चालू लागलं.

"बघ," मी म्हणालो.

वडिवूने क्लच सोडला. गाडी बंद. पुन्हा बंद. चौथ्या वेळी तिचे डोळे भरले.

"बाईंच्या वेळी अशी बंद पडायची नाही हो."

"तू क्लच झटकन सोडतेस."

"सगळ्याच सोडतो आम्ही. म्हणून तर बाई शिकवणीआधी तो स्क्रू अर्धा फेरा पिळायच्या. म्हणायच्या, ह्यांना सांगू नका, पेट्रोल जातं म्हणून ओरडतील."

बावीस वर्षं दर रविवारी मला रेस वाढलेली सापडायची आणि मी ती कमी करायचो. आटे झिजले असतील म्हणून तीनदा नवा स्क्रू बसवला. तिलगम शेजारी उभी राहून बॅटरीचा उजेड धरायची.

मी बॉनेट उघडलं. स्क्रू अर्धा फेरा पिळला आणि वडिवूच्या शेजारी येऊन बसलो.

"आता सोड."

"हळू सोडू?"

"नेहमीसारखा सोड."

गाडीने एक हिसका दिला आणि फाटकाबाहेर पडली. मी तिलगमच्या जागेवर बसलो होतो. शिकवणारीसाठी तिथे बसवलेल्या जादा ब्रेकवर पाय ठेवायला गेलो. त्याचं रबर तिच्या पावलाएवढंच झिजलेलं होतं. मी पाय मागे घेतला.