बोंडीची गाडी

"थांबा! कापूसवर कोनी पाय ठेवू नका!"

कापसाच्या खोलीतून जसोदाबाईंचा आवाज आला आणि गाडीवर चढायच्या बेतात असलेला मगन तिथल्या तिथे थांबला. बायकोकडे बघून त्याने कपाळाला हात लावला. सिंधुबाई लग्न होऊन कोरीटला आली त्याला अजून वर्ष व्हायचं होतं, तिला काही कळेना. गाडीला चारी बाजूंनी तट्टे बांधून झाले होते, नारळ फुटला होता, बैल दावणीवरून सोडून आणले होते आणि सासूबाई मात्र पदर खोचून कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसून बसल्या होत्या.

"मायनं काय हरपनं?" तिने हळूच विचारलं.

"मांजर," मगन म्हणाला. "मन्हा जनमना आगोदर हरपेल मांजर. दरसाल पहिली गाडी भरताना तिले धुंडस."

सिंधुबाईला वाटलं नवरा थट्टा करतो आहे. पण त्याच्या तोंडावर हसू नव्हतं, नुसती घाई होती. उन्हं वर यायच्या आत गाडी निघाली नाही तर नंदुरबारला सरकी काढायच्या जिनात रांग लागते आणि मग पुढच्या गाडीचं बूड बघत बसावं लागतं. बाप होता तेव्हा हा उशीर मुकाट सोसला जाई. बाप श्रावणात गेला. यंदाची गाडी मगनच्या एकट्याच्या जिवावर होती.

आत जसोदाबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. मांजर सापडणार नाही हे त्यांना ठाऊक होतं, तेवढ्या काही त्या खुळ्या नव्हत्या. त्यांना वेगळंच खुपत होतं. दरवर्षी त्या खोलीत यायच्या तेव्हा ढिगाला वीस जागी खड्डे पडलेले असायचे, हातभर खोल. गल्लीतली पोरं उड्या मारून जातात म्हणून त्या दरवर्षी पोरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. यंदा ढीग परातीत चाळलेल्या पिठासारखा सपाट होता. घरात दुःख आहे म्हणून पोरं आली नसतील, असं त्यांनी मनाला समजावलं. मन काही समजेना. अगदी बावीस वर्षांपूर्वीच्या त्या दिवसासारखं.

मोटेतून पाणी येतं, फार तर एखादा बेडूक येतो. त्या वर्षी भादव्यात मांजर आलं. सालदार धनसिंग मोट हाकत होता, मोटेचं पाणी पडतं त्या थारोळ्यावर जसोदा धुणं घेऊन बसली होती. मोट ओतली आणि पाण्याबरोबर मुठीएवढं काहीतरी तिच्या पुढ्यात येऊन पडलं. पांढरं, चिंब, कानाशी एक पिवळा ठिपका.

"वहीरमा पडेल व्हयी," धनसिंग म्हणाला. "जगनार नही वैनी. टाकी देऊ का?"

"तुले कोनी टाकी दिधं ते चाली का?" जसोदा फाडकन बोलली आणि पिल्लू पदरात गुंडाळून घरी आली.

लग्नाला चार वर्षं होऊन तिची कूस उजवली नव्हती. घरात तिच्या हक्काचं असं काही नव्हतं. रतिलाल नवरा होता, पण आईसमोर बायकोशी बोलायचं तर त्याच्या तोंडात मिठाची गुळणी. सासू गजराबाई मात्र दोघांच्या वाटचं बोलायच्या. "घरमा पोरं ऱ्हायनं बाजूले, मांजरना पाळना बांधा आते!" जसोदाने ऐकून घेतलं. दुधात कापसाचं बोट भिजवून ती पिल्लाच्या तोंडात धरायची आणि पिल्लू डोळे मिटून ते चोखायचं. तिसऱ्या दिवशी ते उभं राहिलं. आठव्या दिवशी त्याने गजराबाईंच्या पाटाखाली शी केली. तेव्हापासून घरातल्या सगळ्यांना ते आवडायला लागलं, म्हणजे गजराबाई सोडून सगळ्यांना.

नाव बोंडी. उकललेल्या कापसाच्या बोंडासारखी दिसते म्हणून रतिलालच एकदा जेवताना पुटपुटला होता. आईने वर बघितल्यावर त्याने लगेच भाजीत मीठ कमी आहे असं सांगितलं. पण नाव राहिलं. जसोदा चुलीशी असली की बोंडी तिच्या पावलांवर पाय पसरून झोपायची. जसोदा एक पाय हलवायचा झाला तरी आधी तिला विचारायची. तीन महिने ते घर जसोदाला आपलं वाटलं.

दिवाळीनंतर वेचणी सुरू झाली आणि बोंडीला कापसाची खोली सापडली. थंडीत त्यासारखी ऊब कुठली? ढिगात बीळ करून ती आत शिरायची आणि हाक मारली की पांढऱ्यातून पांढरं डोकं काढायची.

मार्गशीर्षात पहिली गाडी भरायची ठरली. त्या घराची रीत अशी, की पहिली गाडी घरच्या जोडप्याने तुडवायची. नवरा पुढे दांडीकडे, बायको मागे. खालून पाट्या भरभरून कापूस टाकायचा आणि वर दोघांनी नाचल्यासारखं तुडवून तो दाबायचा, म्हणजे एका गाडीत जास्त मावतो. गजराबाईंनी सकाळीच बजावलं, "ती मांजर डालकाखाले कोंड. वर पाटा ठेव."

जसोदाने बोंडीला मागच्या पडवीत डालक्याखाली कोंडलं. वर पाटा ठेवला. आतून बोंडी अशी ओरडायला लागली की जसोदाचं काळीज हललं. नखं टोपलीतून बाहेर येत होती. जसोदाने इकडेतिकडे बघितलं आणि पाटा उचलून बाजूला ठेवला. नुसतं डालकं काय कमी जड आहे, असं स्वतःला सांगितलं.

बास. एवढीच चूक.

गाडी तुडवताना वर्षातून एकदाच नवऱ्यासमोर सगळ्यांदेखत नाचायला मिळतं, म्हणून ती त्या दिवशी खुशीत होती. रतिलालही हसत होता. मध्येच तिच्या टाचेखाली काहीतरी लागलं. कापसासारखं नाही, जरा टणक, जरा मऊ. ती एक क्षण थांबली. "काय झायं?" रतिलालने विचारलं. "काही नही," ती म्हणाली आणि पुढचा पाय टाकला.

गाडी निघून गेली, नवरा आणि धनसिंग गेले, आणि हात धुऊन ती पडवीत आली. डालकं आडवं पडलं होतं. खाली काही नव्हतं.

आधी ती घाबरली नाही. मांजरच ते, असेल कुठेतरी. चुलीमागे बघितलं, माळ्यावर बघितलं, कडब्याच्या गंजीत हात घातला. सासूला ऐकू जाऊ नये म्हणून दबक्या आवाजात "बोंडी, बोंडी" करत ती घरभर फिरली. मग कापसाच्या खोलीत गेली आणि उरलेल्या ढिगाला हाक मारली. पांढऱ्यातून पांढरं डोकं वर आलं नाही. तिला आठवली ती टाच.

तिने खाली बसून तळपाय बघितला. रक्त नव्हतं, नुसते कापसाचे तंतू चिकटले होते. तरी ती टाच पेटल्यासारखी झाली. गाडी अजून फार लांब गेली नसेल, धावत गेलं तर गाठता येईल. पण घरच्या सुनेने भर रस्त्यातून गाडीमागे धावायचं? आणि गाठून सांगायचं काय, की मांजरासाठी भरलेली गाडी उपसा? ती शिवेपर्यंत गेलीच. रस्त्यावर धूळ खाली बसली होती. ती तशीच परत आली.

"कसाले गयथी?" गजराबाईंनी विचारलं.

"बोंडी दिसत नही."

गजराबाईंचा हात जात्यावर थांबला. "डालकावर पाटा ठेवा व्हता ना?"

जसोदाने नजर पडवीकडे वळवली.

"दखजो बाई. मांजर मारं ते काशीले जाईसन सोनानी मांजर देनी पडस. नही दिधी ते वंश वाढत नही." गजराबाईंनी हे काही दुष्टपणाने सांगितलं नाही. त्यांना जे ठाऊक होतं ते सांगितलं. आपल्याला मूल का होत नाही याचं कारण चार वर्षं सापडत नव्हतं, आता ते आयतं हातात आलं, असं जसोदाला वाटलं.

ती जेवली नाही. पडवीत दुधाची वाटी ठेवली, दुधावर साय धरली, सायीवर मुंग्या चढल्या. दर थोड्या वेळाने ती जाऊन बघायची. दिवस ढकलता ढकलेना. एकदा वाटायचं, गाडी येऊच नये. एकदा वाटायचं, आत्ता या क्षणी यावी आणि काय असेल ते कळून जावं.

दिवेलागणीच्या आधी रिकामी गाडी दारात आली. रतिलाल उतरला. जसोदा पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आतच तो म्हणाला, "गाडीमा काहीच नव्हतं." आणि तांब्या न घेताच आत गेला.

जसोदा तिथेच खाली बसली आणि हमसाहमशी रडली, सुटल्यासारखी. नाही तर नाही. गेली असेल कुठे, येईल.

बोंडी आली नाही. पुढच्या अमावास्येला रतिलाल प्रकाशा गावी तापीवर आंघोळ करून आला, तर त्याच्या कानातली सोन्याची बाळी गायब. नदीत पडली म्हणाला. गजराबाईंनी आठ दिवस घर डोक्यावर घेतलं आणि त्यात मांजराचा विषय मागे पडला. दोन वर्षांनी मगन झाला. जसोदाची मात्र टाच काही विसरली नाही. माणूस खोटं बोलेल, टाच कशाला बोलेल? आपल्या पायाखालीच ती गेली हे तिने मनाशी धरलं आणि कोणाला सांगितलं नाही. बोंडी हरवली त्याच्या पुढच्या वर्षापासून पहिली गाडी भरण्याआधी ती ढीग चाचपायला लागली. लोक हसले. रतिलाल कधी हसला नाही. तो बाहेर बैलांच्या पाठीवर हात फिरवत उभा राहायचा.

"वैनी."

दारात धनसिंग उभा होता. आता त्याच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं आणि मोट हाकणं त्याने केव्हाच सोडलं होतं.

"यंदा पोरं उड्या माराले नही उनात ना रे धनसिंग?" जसोदाबाई म्हणाल्या. "ढीग दख कसा शे. एक खड्डा नही."

धनसिंग उंबऱ्यावर टेकला. "पोरं नव्हतात वैनी. ते खड्डा भाऊ पाडेत."

"कोन?"

"आपला भाऊ, मगनना बाप. दरसाल. तुम्ही उठाना आगोदर येत आनि पुरा ढीग चाचपेत, परत कोनं जनावर पायखाले जावाले नको म्हनीसन. माले सांगेत, वैनीले बोलू नको."

जसोदाबाईंचा हात कापसातच राहिला.

"त्या दिन ती गाडीमाच सापडनी व्हती, वैनी. जिनमा गाडी खाली करताना. भाऊनी धोतरना सोगामा गुंडाळी, वाटवर निमखाले पुरी टाकी. रडनात भाऊ. धाकला पोरगाना मायक रडनात. वाटभर बोलनात नही."

'गाडीमा काहीच नव्हतं', न विचारता दिलेलं ते उत्तर! चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच, आणि बावीस वर्षं आपल्या ध्यानात येऊ नये? जसोदाबाईंना आधी राग आला, खरा लालबुंद राग. माणूस समोर असता तर त्यांनी तांब्या फेकून मारला असता. मग विचारू नये असं वाटत असतानाच त्यांनी विचारलं,

"गाडीमा कोठे सापडनी? मांगे का पुढे?"

"पुढे. दांडीकडे, पार तयले. भाऊ तुडवत व्हतात तठे."

"नक्की?"

"मन्हाच हातनी कापूस काढा मी वैनी. भाऊ येकच बोलनात, मन्हा पायखाले गई, तिले कसं सांगू." त्याने आपल्या कानाच्या पाळीला हात लावला. "बाळी नदीमा पडेल नव्हती. काशी लांब शे, प्रकाशाले चालस, बोलनात. सवता काढी आनि पानीमा सोडी."

म्हणजे टाचेखाली लागलं ते एखादं कच्चं बोंड असेल. तेवढंच. आणि त्यासाठी एका छपराखाली दोन माणसं बावीस वर्षं एकच पाप वेगवेगळं वाहत राहिली, एकाने पहाटे ढीग चाचपायचा, दुसरीने सकाळी. एकदा कोणी तोंड उघडलं असतं तर! जसोदाबाईंना वाटलं, आत्ता उठावं आणि जाऊन सांगावं त्यांना, की अहो, मीच पाटा काढला होता, तुमचा काय दोष. कुठे जाऊन सांगणार?

त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि भिंतीकडून सुरुवात करून सगळा ढीग चाचपला. वीतभर जागा सोडली नाही. मगन दारात येऊन उभा राहिला होता. माय उठली, पाठ सरळ केली, आणि पुन्हा भिंतीशी जाऊन बसली. पुन्हा पहिल्यापासून हात घातला.

"माय, आते दखी लिनं ना?" तो म्हणाला. "ऊन वर उनं."

"मन्हं दखी झायं," जसोदाबाई म्हणाल्या. "आते तुन्हा बापनं दखी ऱ्हायनू."

मगनला काही कळलं नाही. धनसिंगने त्याला मानेने थांबायची खूण केली, बैल परत दावणीला नेऊन बांधले आणि त्यांच्यापुढे कडब्याच्या दोन पेंढ्या टाकल्या. सिंधुबाई आत आली. सासूपाशी बसून तिने बांगड्या वर सारल्या आणि विचारलं, "माय, कितला खोल दखनं पडस?"

"हात पुरस तठलोंग," जसोदाबाई म्हणाल्या.