बाहेरच्या खोलीतलं अंथरूण

आमच्या ह्यांना सलूनमध्ये सगळे रेडिओ म्हणायचे. कात्रीपेक्षा जीभ जास्त चालायची. मग कंबर दुखायला लागली आणि दुखतच राहिली. एमआरआय काढला, त्यात सांगण्यासारखं काही निघालं नाही. तेव्हापासून ह्यांनी कंबरेचं नाव काढणंच सोडलं. हळूहळू बाकीचंही बोलणं आटलं. विचारलं की 'हं', वाढलं की 'पुरे'. नात पाठीवर बसायला आली तर तिच्यावर खेकसले. आणि एक दिवस अंथरूण उचलून बाहेरच्या खोलीत झोपायला गेले.

मी म्हटलं, झालं! माणसाला आपला वीट आला. आयुष्यभर ह्यांचं सगळं केलं, त्याचे हे पांग फेडले. मीही काही कमी नाही. बरेच महिने तोंड फुगवून काढले, आणि मग सरळ बॅग भरली. बहिणीकडे जाणार होते, ती कायमचीच.

दाराशी हे भिंतीला धरून पायानेच चप्पल ओढत होते, वाकता येत नव्हतं. बॅग बघून कुठे निघालीस म्हणाले. मी फणकारले, "माझं तोंड बघवत नाही म्हणून बाहेर झोपता ना? मग जाते मी."

हे म्हणाले, "अगं, कूस बदलली की कण्हतो मी. तुझी झोप मोडायची. आणि रिपोर्टात काही नाही, तुला नाटक वाटलं असतं." मग म्हणाले, "कंटाळा जगण्याचा आलाय गं. तुझा नाही."

बॅग तिथेच टाकली आणि ह्यांना घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, फोटोत दिसत नसलं तरी दुखणं खरं आहे, आणि इतके दिवस राहिलं की ते मनालाही पोखरतं. व्यायाम दिले, सलूनमध्ये अधूनमधून बसून काम करायला उंच स्टूल घ्यायला सांगितलं, आणि मनाच्या डॉक्टरांकडे चिठ्ठी दिली. बाहेर आल्यावर हे रस्त्यातच रडले. "खरं आहे म्हणाल्या," एवढंच पुन्हा पुन्हा बोलत होते.

पुढच्या सुट्टीच्या दुपारी मी ह्यांचं अंथरूण आत आणून टाकलं. कंबर काही एवढ्यात बरी होणार नव्हती. जरा डोळा लागतोय तोच शेजारून "आई गं" ऐकू आलं.

"दुखतंय का हो?"

"खूप दुखतंय," हे म्हणाले.

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!